लिनक्स प्रिंट सर्व्हरसाठी विंडोजचा कोअर ड्रायव्हर: फाइली कुठून घ्यायच्या, कोणत्या क्रमानं चढवायच्या

जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकायचं, त्यावर कप्स (लिनक्सवर छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि सांबा (लिनक्सवरचे प्रिंटर विंडोज मशीनना नेटवर्कवर देणारं सॉफ्टवेअर) बसवायचं आणि ऑफिसातले सगळे प्रिंटर त्या एका मशीनला लावायचे. तालुक्यातल्या पतसंस्था, जिनिंगची ऑफिसं, शाळा यांच्यासाठी ही सोय चांगली आहे. अडतं ते एकाच ठिकाणी. कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला, सर्व्हरवर चढवायला घेतला, की विंडोज मध्येच ‘एनटीप्रिंट.आयएनएफ कुठं आहे ते दाखवा’ म्हणून बसतं. मग कुणीतरी ‘डीएलएल फ्री डाउनलोड’ छाप साइटवरून फाइल आणून टाकतं आणि काउंटरवरून फोन येतो, ‘भाऊ, पावती निघून नाही राह्यली.’

कारण साधं आहे. बहुतेक कंपन्यांचा विंडोज ड्रायव्हर हा पुरा ड्रायव्हर नसतोच. पान रचण्याचं मूळ काम विंडोजच्या स्वतःच्या फाइली करतात, त्यांनाच कोअर ड्रायव्हर म्हणतात. कंपनी वरून आपल्या मॉडेलची माहिती आणि थोडे पर्याय जोडते. बंडीचं साटं कंपनीचं, चाकं विंडोजची. सर्व्हर विंडोजचा असेल तर चाकं त्याच्या घरातच असतात. लिनक्सकडे ती नसतात, ती आपल्याला आणून द्यावी लागतात. म्हणून कोअर फाइली आधी गोळा करायच्या, बाकी सगळं नंतर. बहुतेकांचा घोळ हा क्रम उलटा केल्यानंच होतो.

फाइली, फोल्डर आणि सेटिंग यांची नावं इथं उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहिली आहेत. मशीनवर ती रोमन अक्षरांत दिसतील आणि टाइपही तशीच करायची.

आधी ठरवा: हे करायलाच हवं का?

दोन-तीनच मशीन असतील तर नका करू. प्रत्येक मशीनवर कंपनीचा ड्रायव्हर थेट बसवा, पोर्ट म्हणून सांबावरचा प्रिंटर द्या आणि मोकळे व्हा. नेटवर्कवर आयपीपी (छपाईची सर्वमान्य नेटवर्क पद्धत) बोलणारा नवा प्रिंटर असेल तर विंडोज १० आणि ११ त्याला आपल्याच सर्वसाधारण ‘क्लास’ ड्रायव्हरनं चालवतात, तिथंही या खटपटीची गरज नाही.

हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे सात-आठ किंवा जास्त विंडोज मशीन आहेत, प्रिंटर जुने आहेत आणि नवं मशीन आलं की ड्रायव्हर सर्व्हरवरूनच यावा असं वाटतं. एक गोष्ट ध्यानात घ्या. कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्यानं बंद करणार, असं मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. त्यामुळं जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर आज मिळतोय तर उतरवून दोन ठिकाणी ठेवा. गावात नेटचा भरवसा नसेल तर हे काम तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी उरकून घ्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोठी फाइल अर्ध्यात तुटली तर झिप उघडताना चूक येते आणि लोक उगाच सर्व्हरला दोष देत बसतात.

१. ड्रायव्हर कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

उतरवलेली फाइल सेटअपची असेल तर ती सेव्हन-झिपनं उघडून पाहा, आत आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी) सापडली पाहिजे. ती नोटपॅडमध्ये उघडा आणि तीन गोष्टी शोधा.

पहिली, वरच्या ‘व्हर्जन’ विभागात ‘क्लासव्हर = ४.०’ आहे का? असेल तर हा व्ही-४ जातीचा ड्रायव्हर, विंडोज ८ पासून आलेला. सांबाला तो चालत नाही. इथंच थांबा आणि कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचा व्ही-३ (म्हणजे त्याआधीच्या जातीचा) ड्रायव्हर किंवा कंपनीचा ‘युनिव्हर्सल’ ड्रायव्हर शोधा.

दुसरी, ‘इन्क्लूड = एनटीप्रिंट.आयएनएफ’ ही ओळ. ती आहे म्हणजे कोअर फाइली विंडोजकडून अपेक्षित आहेत, या पॅकेजमध्ये त्या नाहीत.

तिसरी, तिच्याजवळची ‘नीड्स’ ओळ. तिथं ‘युनिड्रव्ह.ओईएम’ असेल तर कोअर युनिड्रव्ह या विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरचा, ‘पीस्क्रिप्ट.ओईएम’ असेल तर पोस्टस्क्रिप्ट या पान वर्णन करणाऱ्या भाषेचा. पीसीएल ही प्रिंटर-भाषा बोलणारे लेसर आणि डॉट मॅट्रिक्स बहुधा पहिल्या गटात जातात.

यातली एकही ओळ सापडली नाही तर ड्रायव्हर कंपनीनं पूर्ण स्वतःचा लिहिलेला असू शकतो. याचं घरोघरचं उदाहरण म्हणजे कॅनन एलबीपी २९००. विदर्भातलं क्वचितच एखादं ऑफिस असेल जिथं हा प्रिंटर नाही. तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो आणि काम करताना संगणकाशी दोन्ही बाजूंनी बोलणं ठेवतो. त्याचा विंडोज ड्रायव्हर लिनक्समधून नुसता पुढं ढकलायचा म्हटलं तर ते बेभरवशाचं ठरतं. अशा प्रिंटरसाठी वेगळा रस्ता घ्या. सर्व्हरवर कप्समध्ये कॅननचा लिनक्ससाठीचा कॅप्ट ड्रायव्हर बसवा आणि विंडोज मशीनना साधा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर द्या. विंडोज पोस्टस्क्रिप्ट पाठवेल, कप्स ते प्रिंटरच्या भाषेत बदलेल.

खरं सांगायचं तर मिश्र प्रिंटर असलेल्या ऑफिसात मी सगळ्यांसाठी हाच पोस्टस्क्रिप्टचा रस्ता सुचवीन. कोअरच्या फक्त चार फाइली लागतात आणि वर प्रत्येक प्रिंटरची एक पीपीडी (प्रिंटरचे कागद, ट्रे असे पर्याय सांगणारी फाइल).

तपासा: पुढं जाण्याआधी कागदावर प्रत्येक प्रिंटरसमोर ‘युनिड्रव्ह’, ‘पीस्क्रिप्ट’ किंवा ‘कंपनीचा स्वतःचा’ असं लिहिलेलं असलं पाहिजे.

२. फाइली देणारं विंडोज मशीन निवडा

ज्या विंडोजमधून फाइली काढायच्या ते मशीन परवान्याचं, चालू अपडेट असलेलं आणि ग्राहक मशीनच्याच जातीचं हवं. जात म्हणजे ६४ बिट की ३२ बिट. ‘सिस्टिम’च्या पानावर ‘सिस्टिम टाइप’ म्हणून ते लिहिलेलं असतं.

विंडोज ११ ला ३२ बिट आवृत्तीच नाही. पण शाळेच्या संगणक कक्षात किंवा काट्याच्या खोलीत एखादं ३२ बिटचं विंडोज ७ किंवा १० अजून तग धरून असतं. त्याच्यासाठी कोअर फाइली ३२ बिटच्याच मशीनमधून वेगळ्या काढाव्या लागतात, ६४ बिटच्या फाइली तिथं कामाच्या नाहीत. असं एकच मशीन असेल तर त्याच्यावर ड्रायव्हर हातानं बसवा. एका मशीनसाठी सर्व्हरवर दुसरा संच सांभाळणं परवडत नाही.

सावध: डीएलएल वाटणाऱ्या साइटवरून या फाइली घेऊ नका, राजेहो. ड्रायव्हर प्रत्येक काउंटरवर जातो आणि प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारा विंडोजचा भाग) सिस्टिमच्या अधिकारानं चालतो. पतसंस्थेच्या मशीनवर अनोळखी डीएलएल चढवणं म्हणजे तिजोरीची किल्ली बाजारात ठेवणं आहे. याच कारणानं तुम्ही काढलेला संचही नेटवर टाकू नका. तो मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखालचा आहे.

३. ड्रायव्हर स्टोअरमधून फाइली काढा

सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हरस्टोअर, फाइलरिपॉझिटरी या वाटेनं आत जा. तिथं ‘एनटीप्रिंट.आयएनएफ_एएमडी६४’ नं सुरू होणारं आणि पुढं लांबलचक अक्षर-अंक असलेलं फोल्डर शोधा. ३२ बिटवर ‘एएमडी६४’ च्या जागी ‘एक्स८६’ असतं. ‘एनटीप्रिंट४’ नावाचं जे दिसतं ते व्ही-४ चं, त्याच्या वाट्याला जाऊ नका. एकाच नावाची दोन-तीन फोल्डर सापडली तर सगळ्यात नव्या तारखेचं घ्या.

ते फोल्डर जसंच्या तसं, आतल्या ‘एएमडी६४’ आणि भाषेच्या उपफोल्डरसकट कॉपी करा. निवडून चार फाइली उचलण्याचा मोह टाळा. पुढं विंडोज ‘एनटीप्रिंट.आयएनएफ’ मागेल तेव्हा हेच अख्खं फोल्डर दाखवायचं आहे.

आत हे सापडलं पाहिजे:

पीस्क्रिप्टसाठी पीस्क्रिप्ट५.डीएलएल, पीएस५यूआय.डीएलएल, पीस्क्रिप्ट.एचएलपी आणि पीस्क्रिप्ट.एनटीएफ.

युनिड्रव्हसाठी युनिड्रव्ह.डीएलएल, युनिड्रव्हयूआय.डीएलएल, युनिड्रव्ह.एचएलपी, युनिरेस.डीएलएल, एसटीडीनेम्स.जीपीडी, त्यासोबत ‘एसटीडी’नं सुरू होणाऱ्या जीडीएल फाइली आणि टीटीएफसब.जीपीडी.

काही जण या फाइली सिस्टिम३२ मधल्या स्पूल, ड्रायव्हर्स, एक्स६४, ३ या फोल्डरातून उचलतात. तिथंही त्या असतात, पण त्या मशीनवर बसलेल्या प्रत्येक प्रिंटरचा पसारा त्यात मिसळलेला असतो. ड्रायव्हर स्टोअरचा संच एकाच आवृत्तीचा आणि स्वच्छ मिळतो. अर्ध्या फाइली इकडून, अर्ध्या तिकडून घेतल्या तर ड्रायव्हर बसतो खरा, पण ‘प्रॉपर्टीज’ उघडताच खिडकी बंद पडते.

तपासा: पेन ड्राइव्ह लिनक्सला लावल्यावर मुख्य डीएलएलवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवा. ६४ बिटची असेल तर उत्तरात ‘पीई३२+’ आणि ‘एक्स८६-६४’ दिसेल. नुसतं ‘पीई३२’ आणि ‘इंटेल ८०३८६’ आलं तर संच ३२ बिटचा आहे. कॉपी धड झाली की नाही ते पाहायला विंडोजवर ‘सर्टयुटिल’च्या हॅशफाइल पर्यायानं (शेवटी ‘एसएचए२५६’ लिहून) आणि लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’नं आकडे काढून जुळवा. गावभर फिरलेल्या पेन ड्राइव्हवर ही पायरी वगळू नका.

४. सर्व्हर तयार करा

चढवण्याआधी सर्व्हर यूपीएसवर आहे ना, बघा. ड्रायव्हरची नोंद होत असताना लाइन गेली तर फाइली पडून राहतात, नोंद अर्धी राहते, आणि मग ड्रायव्हर यादीत दिसतो पण बसत नाही. सांबा प्रिंटरची माहिती आपल्या रजिस्ट्री.टीडीबी या फाइलमध्ये ठेवतं. डेबियन-उबंटूवर ती व्हार, लिब, सांबा या फोल्डरात असते. ‘टीडीबीबॅकअप’नं तिची प्रत काढून ठेवा.

मग सांबाच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘प्रिंट’ आणि त्याला चिकटून डॉलरचं चिन्ह अशा नावाचा शेअर आहे का ते पाहा. नाव हेच लागतं, विंडोज दुसरीकडं बघतच नाही. त्या शेअरच्या फोल्डरात ६४ बिटसाठी ‘एक्स६४’ आणि ३२ बिटसाठी ‘डब्ल्यू३२एक्स८६’ अशी उपफोल्डर हवीत. ज्या गटाकडून ड्रायव्हर चढवायचे त्याला लिहिण्याची परवानगी द्या, बाकीच्यांना फक्त वाचण्याची.

फोल्डरवर परवानगी देऊन भागत नाही. त्या गटाला सांबाचा ‘एसईप्रिंटऑपरेटरप्रिव्हिलेज’ हा अधिकारही ‘नेट आरपीसी राइट्स ग्रँट’ या आज्ञेनं द्यावा लागतो. ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं की लोक फोल्डरला ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळी) परवानगी देऊन टाकतात. त्यानं चूक तर जात नाहीच, उलट कुणालाही ड्रायव्हर बदलायची वाट मोकळी होते.

ग्लोबल विभागात ‘स्पूलएसएस: आर्किटेक्चर’ ची किंमत ‘विंडोज एक्स६४’ असल्याची खात्री करा. जुन्या सांबात सर्व्हर स्वतःला ३२ बिट म्हणवून घ्यायचा आणि मग ६४ बिटचा ड्रायव्हर प्रिंटरला जोडताच यायचा नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: ‘रॉ’. जुन्या ब्लॉगवरून ‘कप्स ऑप्शन्स = रॉ’ ही ओळ लोक डोळे मिटून उतरवतात. कंपनीच्या ड्रायव्हरचा रस्ता असेल तर ती बरोबर आहे, कारण विंडोजकडून येणारा माल प्रिंटरच्याच भाषेत असतो आणि कप्सनं त्याला हात लावायचा नसतो. पोस्टस्क्रिप्टच्या रस्त्यावर मात्र कप्सनं भाषांतर केलंच पाहिजे, म्हणून तिथं ही ओळ नको. चुकीच्या जागी राहिली की कागदावर कोपऱ्यात ‘%!पीएस-अडोबी’ आणि खाली पानंच्या पानं कंसांची भाषा छापली जाते. असं पान निघालं की ड्रायव्हर पुन्हा बसवत बसू नका, थेट ही ओळ बघा.

५. ड्रायव्हर चढवा

*कंपनीचा ड्रायव्हर असेल तर* विंडोज प्रो असलेल्या मशीनवरून ‘प्रिंट मॅनेजमेंट’ उघडा. होम आवृत्तीत ते मिळत नाही. वर दिलेला अधिकार असलेल्या खात्यानं लॉगिन करा, सर्व्हरचं नाव जोडा, त्याखाली ‘ड्रायव्हर्स’वर उजवी क्लिक करून ‘ॲड ड्रायव्हर’ घ्या. फक्त ‘एक्स६४’ला खूण ठेवा. ‘हॅव डिस्क’मध्ये कंपनीची आयएनएफ दाखवा. विंडोजनं एनटीप्रिंट.आयएनएफ मागितली तर तिसऱ्या पायरीत कॉपी केलेलं अख्खं फोल्डर दाखवा. इथं ‘कॅन्सल’ करून पुढं जाऊ नका.

*पोस्टस्क्रिप्ट आणि पीपीडीचा रस्ता असेल तर* आयएनएफ लागत नाही, काम लिनक्सवरूनच होतं. कप्समध्ये प्रिंटर आधी नीट चालू असला पाहिजे. त्याची पीपीडी ईटीसी, कप्स, पीपीडी या फोल्डरात प्रिंटरच्या नावानं मिळते. मग क्रम असा: चारही कोअर फाइली आणि पीपीडी ‘एसएमबीक्लायंट’नं प्रिंट-डॉलर शेअरच्या एक्स६४ फोल्डरात टाका. फाइलींची नावं लहान अक्षरांत ठेवा. त्यानंतर ‘आरपीसीक्लायंट’ची ‘ॲडड्रायव्हर’ आज्ञा द्या.

या आज्ञेत ड्रायव्हरचं वर्णन कोलननं तोडलेल्या आठ रकान्यांत द्यायचं असतं आणि क्रम बदलून चालत नाही: ड्रायव्हरचं नाव, ड्रायव्हर फाइल (पीस्क्रिप्ट५), डेटा फाइल (पीपीडी), कॉन्फिग फाइल (पीएस५यूआय), मदतीची फाइल (पीस्क्रिप्ट.एचएलपी), लँग्वेज मॉनिटरच्या जागी ‘नल’, डेटा प्रकार ‘रॉ’, आणि शेवटी स्वल्पविरामांनी लागणाऱ्या सगळ्या फाइलींची यादी. एनटीएफ फाइल या यादीतच येते आणि नेमकी तीच विसरते. रिकामा रकाना तसाच सोडू नका, तिथं ‘नल’ लिहा. हा डेटा प्रकारातला ‘रॉ’ आणि चौथ्या पायरीतला कप्सचा ‘रॉ’ वेगळे आहेत, इथला तसाच राहू द्या.

तपासा: आज्ञा यशस्वी झाली की सांबा फाइली एक्स६४ मधून उचलून त्याच्या आतल्या ‘३’ नावाच्या फोल्डरात हलवतं. वरचं फोल्डर रिकामं आणि ‘३’ भरलेलं दिसलं तर काम झालं. ‘३’ फोल्डर हातानं भरू नका. तिथं फाइली टाकल्या तरी नोंद होत नाही.

६. प्रिंटरला ड्रायव्हर जोडा आणि ए४ करा

प्रिंट मॅनेजमेंटमध्ये सर्व्हरच्या प्रिंटरची ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ड्रायव्हर या मशीनवर नाही, बसवू का, असं विचारलं तर ‘नो’ म्हणा. ‘येस’ म्हटलं की ड्रायव्हर तुमच्या मशीनवर बसतो, सर्व्हरवर नाही. ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये यादीतून आत्ताच चढवलेला ड्रायव्हर निवडा आणि ‘अप्लाय’ करा. लिनक्सवरून हेच काम आरपीसीक्लायंटची ‘सेटड्रायव्हर’ आज्ञा करते.

आता ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ उघडा. कागद ‘लेटर’ असेल तर ‘ए४’ करा. पानाची दिशा आडवी करून ‘अप्लाय’, मग पुन्हा उभी करून ‘अप्लाय’. वेडेपणा वाटेल, पण नव्या ड्रायव्हरची मूळ सेटिंग सर्व्हरवर लिहिली जायला असा एखादा बदल लागतो. ती नसली तर ग्राहक मशीनवर काही मॉडेलचे ड्रायव्हर प्रॉपर्टीज उघडताना कोलमडतात.

७. काउंटरवरच्या मशीनवर

एकाच मशीनवर आधी करून पाहा. सगळीकडं एकदम नको.

सांबावर प्रत्येकाचं खातं ‘एसएमबीपासवर्ड’नं तयार ठेवा. पासवर्डशिवायच्या ‘गेस्ट’वर विसंबू नका, नवीन विंडोज तसा प्रवेश नाकारतं.

ड्रायव्हर उतरवताना ॲडमिनचा पासवर्ड मागितला जाईल. जुलै २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर हा विंडोजच्या छपाईतला सुरक्षेचा दोष उघड झाला आणि ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून सर्व्हरवरून ड्रायव्हर बसवायला ॲडमिन अधिकार लागतो. रजिस्ट्रीतून ही अट उठवायचे सल्ले यूट्यूबवर भरपूर सापडतात. ते ऐकू नका. प्रत्येक मशीनवर एकदा ॲडमिन म्हणून बसून प्रिंटर जोडा, रोजच्या छपाईला पुन्हा अधिकार लागत नाही.

विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून प्रिंटरशी बोलणं टीसीपीवरून होऊ लागलं. सांबाशी ते ‘नेम्ड पाइप’ या जुन्या वाटेवरून जमतं. म्हणून शेजारचं विंडोज १० छापतं आणि नवं मशीन प्रिंटर जोडतच नाही. ग्रुप पॉलिसीत प्रिंटर्सखाली ‘कॉन्फिगर आरपीसी कनेक्शन सेटिंग्ज’ चालू करा आणि त्यात ‘आरपीसी ओव्हर नेम्ड पाइप्स’ निवडा. होम आवृत्तीवर पॉलिसी संपादक नसतो, तिथं रजिस्ट्रीत एचकेएलएम, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, प्रिंटर्स, आरपीसी या वाटेवर ‘आरपीसीयूजनेम्डपाइपप्रोटोकॉल’ची किंमत १ करा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा.

शेवटी चाचणीचं पान. विंडोजचं ठरावीक इंग्रजी पान पुरेसं नाही. वर्डमध्ये ‘कर्जमुक्तीचा दाखला, ग्रामपंचायत कार्यालय, ज्येष्ठ नागरिक’ अशी जोडाक्षरांची ओळ युनिकोड फाँटात लिहून छापा, सोबत पीडीएफमधला एखादा सातबाराही. पोस्टस्क्रिप्टच्या रस्त्यावर अक्षरं फुटली किंवा मात्रा सरकल्या तर ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत ‘ट्रूटाइप फाँट’समोर ‘डाउनलोड ॲज सॉफ्टफाँट’ निवडा. तरीही नाही जमलं तर फाँट डाउनलोडचा पर्याय ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘आउटलाइन’ करून बघा. हे सर्व्हरवरच्या प्रिंटिंग डिफॉल्ट्समध्ये करा, म्हणजे प्रत्येक काउंटरवर पुन्हा करावं लागत नाही.

एका मशीनवर दोन्ही पानं नीट निघाली की मगच बाकीची जोडा. आणि कोअरचं ते फोल्डर, कंपनीची झिप, पीपीडी आणि पहिल्या पायरीतला कागद एकत्र सर्व्हरवरच जपून ठेवा. पुढं कधी ड्रायव्हर बदलावा लागला तर आधी प्रिंटरवरून जुना सोडवा, मग सर्व्हरच्या यादीतून काढा आणि त्यानंतरच नवा चढवा. जुन्यावर नवा ओतलात तर ‘३’ फोल्डरात दोन आवृत्त्यांच्या फाइली एकत्र होतात.